डाव्या बाजूचा कॅनव्हास

वन्सं,

तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी गच्चीवर वाळत घातलेला कोटाचा कॅनव्हास कुणीच काढला नव्हता. घरात माणसं येत होती, जात होती, कुणी चहाचं बघत होतं, कुणी नुसतंच भिंतीला टेकून बसलं होतं, आणि वर तो आपला वाळून कडक होऊन तारेवर लोंबत होता. तुमचे दिवस झाल्यावर मी धुणं घेऊन वर गेले तेव्हा तो दिसला. मला वाटलं एकच तुकडा असेल, तुमचा नेहमीचा, नरम सुती. शेजारी दुसराही होता. माझा. घोड्याच्या केसाचा, जाड, ज्याला हात लावायलाही तुम्ही तयार नव्हता तोच. नीट भिजवलेला, सुरकुत्या काढून चिमट्यांनी ताणून लावलेला.

बादली तिथंच ठेवून मी खाली बसले. माझा कॅनव्हास तुम्ही कशाला भिजवला होता, वन्सं?

हा प्रश्न विचारायला आता घरात कुणी नाही. तुमच्या भावाला विचारलं तर ते म्हणाले, "तुमचं तुमास्नी ठावं. दोघींच्या मधी मी कवा बोललोय?" ते खरंच आहे. आपल्या दोघींचं वाजायला लागलं की ते चपला घालून दुकानात जात, मग दुकानात काम असो वा नसो. तेव्हा मी तुम्हालाच विचारते आहे. उत्तर मिळणार नाही हे कळतंय मला, पण तुमच्याशी बोलल्याशिवाय माझं पुढचं काम सुरूच होत नाही, त्याला काय करू?

लोकांना कोट वरून दिसतो. वरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये काय आहे ते कुणी बघत नाही. कोटाची छाती उभी राहते, कॉलर वळून नीट बसते, ती त्या मधल्या कॅनव्हासवर. तो आधी पाण्यातून काढायचा, सावलीत वाळवायचा, माणसाप्रमाणे निवडायचा आणि बारीक तिरक्या टाक्यांनी वरच्या कापडाला असा धरायचा की बाहेर एक टाका दिसता कामा नये. तुमच्या घरात या कामाला 'छाती बांधणं' म्हणतात. मापं आणि कापणी दुकानात, छाती घरात, हा मामंजींच्या काळापासूनचा रिवाज. पुरुषांची मापं घेतात तिथं घरातल्या बायकांनी बसायचं नाही. म्हणून दुकान खाली पेठेत आणि तुम्ही माजघरात खिडकीपाशी, मांडीवर कुणातरी परक्या माणसाची अर्धी छाती घेऊन.

मी चंदगडहून लग्न होऊन आले तेव्हा मला या सगळ्याचं भारी हसू यायचं. तुमचं बोलणं ऐकूनही यायचं. "मी आलो की", "मी करतो की", बाई असून असं कसं बोलतात म्हणून मी पदर तोंडाला लावायची. तुम्ही एकदा पकडलंतच. "हसतीस व्हय? तुमच्या चंदगडात कापडं तरी वाळत्यात का गं कवा?" मला पहिल्यांदा तुम्ही दिलेलं काम म्हणजे तेच, कॅनव्हास वाळला का ते बघणं. आमच्याकडं पावसाळ्यात सगळंच दमट असतं, त्यामुळं मी गालाला लावून बघायची. बोटांना कळत नाही तो ओलावा गालाला कळतो. ते तुम्ही बघितलंत आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्हीही गालाला लावायला लागलात. तुमच्याकडून मी आयुष्यभर शिकले. तुम्ही माझ्याकडून घेतलेलं हे एवढंच, म्हणून मला त्याचं फार अप्रूप आहे.

आणि तुमची ती चौकशी! तुमचे भाऊ संध्याकाळी कापलेलं कापड घेऊन घरी आले की चहा बाजूला आणि तुमचे प्रश्न पुढं.

"बसतो कसा?"

"खुर्चीत."

"अरं बाळू, खुर्चीत सगळीच बसत्यात. टेकून बसतो का म्होरं सरकून?"

"आता ते कोण बघतंय, आक्का?"

"मग मी काय बघून बांधू? पोट म्होरं हाय का? बोलताना हात हलवतो का? मान ताठ हाय का खाली बघून चालतो?"

ज्या माणसाला तुम्ही कधी बघितलं नाही आणि बघणारही नाही, त्याच्या छातीला कुठला कॅनव्हास लावायचा ते तुम्ही असं ठरवायचा. सरळ माणसाला नरम. पुढं वाकणाऱ्याला छातीवर जरा जाड आणि खाली पोटावर नरम. सारखे हात उडवत बोलणाऱ्याला खांद्याशी अगदी हलका, नाहीतर कोट त्याच्याआधी उठून उभा राहतो, असं तुम्ही म्हणायचा. सगळंच बरोबर यायचं असं नाही हं. ते जाडजूड कंत्राटदार आठवतात? मी सांगत होते की यांना नरम चालणार नाही, तुम्ही ऐकलं नाहीत, आणि कोट अंगावर पोत्यासारखा बसला. परत आला तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्यो माणूसच तसा हाय." चूक कबूल करणं तुमच्या कुंडलीतच नव्हतं.

तुमच्या भावाला माणसं बघायचा कंटाळा. ते मनानंच काहीतरी ठोकून द्यायचे. एका माणसाला त्यांनी सुतासारखा सरळ म्हणून सांगितलं आणि निघाला चांगला वाकलेला. कोटाची पाठ वर चढली, पुढची टोकं खाली आली. तेव्हा तुम्ही असा अवतार धारण केलात की भाऊ दोन दिवस दुकानातच जेवले. आणि मग तुम्ही मला बोलावून सांगितलंत, "उद्यापास्नं डबा तू घिऊन जायाचा. आणि बघून यायाचं."

जगात कुठल्या नणंदेनं भावजयीला परक्या पुरुषांकडं नीट निरखून बघून यायला सांगितलं असेल? मी डबा ठेवायची, पाणी द्यायची, उगाच कापडाच्या घड्या सारख्या करत उभी राहायची आणि माप द्यायला आलेल्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची. घरी आल्यावर तुमच्यापुढं त्याची नक्कल. तो वकील कसा खांदे उडवतो, तो बँकेतला कसा पोट आत घेऊन माप देतो आणि माप झालं की सोडतो. स्वयंपाकघरातून माजघरात मी त्यांच्यासारखी चालून दाखवायची आणि तुम्ही सुई हवेत धरून हसायचा. डोळ्यांतून पाणी यायचं तुमच्या. मग डोळे पुसून म्हणायचा, "पुन्ना एकदा चालून दाव. हळू." आणि हात पेटीतल्या कॅनव्हासकडं जायचा.

वन्सं, माझ्या संसारातला सगळ्यात आनंदाचा वेळ कुठला असं कुणी विचारलं तर मी तोच सांगीन. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धतच नव्हती.

पण आता राहून राहून एक गोष्ट खाते आहे. मी तुम्हाला इतकी माणसं चालून दाखवली, पण तुमच्या हाताचा एक कोट अंगात घातलेला, चालणारा-बोलणारा माणूस तुम्हाला कधी दाखवला नाही. मामंजी गेल्यावर दुकानात यायला तुम्हाला कुणी अडवणारं नव्हतं. मी एकदोनदा म्हटलं, चला की. तुम्ही म्हणालात, "नगं. तू दावतीस त्यात मला जास्ती दिसतंय." मला तेव्हा ते कौतुक वाटलं. कुणाला वाटणार नाही? तुमचे डोळे व्हायला मला आवडत होतं, म्हणून मी तिसऱ्यांदा म्हटलंच नाही. लग्नकार्यात तुम्ही जायचा, पण बायकांच्या बाजूला, मागं, आणि नवरदेवाचा कोट दिसायचा तो हारांच्या खाली झाकलेला. तुमची सगळी हयात कोटाच्या आतल्या बाजूनं गेली.

म्हणून माझ्या लेकाचं, अजितचं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही तारीख धरायला स्वतः पुढं बसलात. "ह्या लग्नात मी पैल्या रांगेत बसणार," तुम्ही सगळ्यांना सांगत होता. "माझा कोट मी पैल्यांदा म्होरनं बघणार हाय." आल्यागेल्याला सांगितलंत. दूधवाल्यालासुद्धा.

आता दुकानात बहुतेक सगळं फ्युजिंगचं काम. डिंकाचं कापड मशीनखाली दाबायचं की झाली छाती तयार, दोन दिवसांत कोट हातात. ते मशीन घ्यायला भावाला तुम्हीच सांगितलंत हे लोकांना माहीत नाही. त्यांना वाटतं तुम्ही भांडला असाल. तुम्ही म्हणालात, "घे. पोट भरंल. पण ते चिकटवलेलं माझ्याकडं आणू नगंस. कोट काय पाकीट हाय व्हय, डकवायला?" कुणी जुनं गिऱ्हाईक अडून बसलं तरच कॅनव्हासचा कोट. अजितचा मात्र कॅनव्हासचाच होणार हे न बोलता ठरलेलं होतं. कुठला कॅनव्हास, इथं आपलं बिनसलं.

अजितचा डावा खांदा खाली आहे. लहानपणी सुट्टीत माझ्या माहेरी काजूच्या झाडावरून पडला, हाड जुळलं, खांदा उतरला तो उतरलाच. तुम्ही त्यावरून मला किंवा माझ्या माहेराला कधी एक शब्द बोलला नाहीत. दुसरी नणंद असती तर जन्मभर ऐकवलं असतं. पण मला तो खांदा दिसतो, वन्सं. शर्टात दिसतो, फोटोत दिसतो, तो गाडी चालवत लांबून येतो तेव्हा सगळ्यात आधी दिसतो. लग्नात माझ्या माहेरची माणसं असणार, मुलीकडची असणार. एक दिवस माझ्या लेकाचे दोन्ही खांदे सारखे दिसावेत एवढंच मला हवं होतं. डाव्या बाजूला केसाचा कॅनव्हास लावायचा, खांद्याशी आणखी एक थर द्यायचा, बाजू उचलून धरायची. काही अवघड नव्हतं.

"न्हाय," तुम्ही म्हणालात. "दोन्ही बाजूला नरमच."

"का पण?"

"हार घालताना दोनी हात वर जाणार त्येचं. कडक बाजू कानापातूर चढंल. सारा मांडव बघंल."

"हार घालायला किती वेळ लागतो? फोटो जन्मभर राहतात."

"फोटूत उभा ऱ्हायला काय पुतळा हाय त्यो?"

"तुम्हाला काय, तुम्ही आई असता तर कळलं असतं."

हे मी बोलले नाही. ओठांपर्यंत आलं होतं, गिळलं. पण तुम्हाला ते ऐकू आलं असावं, कारण तुम्ही अगदी हळू म्हणालात, "त्येचा खांदा मी रोज त्याल लावून चोळलाय, सुनंदा. मला म्हाईत न्हाय व्हय त्यो कुठं हाय?" आणि उठून गेलात. तुम्ही सासरहून कायमच्या परत का आलात, मूलबाळ नसण्याचं तुम्हाला काय वाटलं, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. त्या दिवशी विचारायला पाहिजे होतं.

त्याऐवजी आपण अबोला धरला. आपला अबोला म्हणजे काय, साऱ्या गल्लीला ठाऊक. एकाच खोलीत बसायचं आणि भिंतीशी बोलायचं. "भाजीत मीठ कमी पडलंय म्हणावं." "डबा घासून ठेवलाय म्हणावं." भाऊ मध्ये बसून जेवत असायचे, त्यांना कुणीच काही म्हणत नसायचं. अजित हसायचा. त्याला वाटायचं दोन दिवसांत मिटेल, नेहमी मिटायचं. तुम्ही तुमच्या हट्टानं उजवी बाजू बांधायला घेतली होती, नरम कॅनव्हासची. उजवीबद्दल आपलं भांडण नव्हतंच. ती तुम्ही पुरी केलीत. डावी तशीच ठेवलीत. मला वाटलं, मी आधी बोलावं म्हणून वाट बघताय. मीही तुमची वाट बघत होते.

तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "चहा ठेवलाय म्हणावं." आणि तुम्ही माजघरातून म्हणालात, "ऐकू आलंय म्हणावं."

तेवढंच. चहा घेऊन आले तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून आडव्या झाला होता. मला वाटलं, रुसून निजलात. कप उशाशी ठेवला आणि जरा आपटूनच ठेवला. तो आवाज तुम्हाला ऐकू आला नसणार, असं डॉक्टर म्हणतात. मला मात्र तो सारखा येतो.

लग्न पुढं ढकलायचं का, असं मुलीकडच्यांनी विचारलं. भाऊ म्हणाले, "आक्कानं तारीख धरली व्हती. तीच ऱ्हाऊ दे." मग कोटाचा विषय निघणं आलंच.

तुमच्या घराचा दुसरा रिवाज मला इथं आडवा आला. एका कोटाला एकच हात. दोऱ्याची ओढ प्रत्येकीची वेगळी, दोन हातांनी बांधलेल्या दोन बाजू अंगावर वेगळ्या पडतात. हे मला तुम्ही शिकवलंत ते तोंडानं नव्हे. एकदा तुम्ही तापानं पडला होता म्हणून मी तुमच्या अर्ध्या कोटाची दुसरी बाजू बांधून ठेवली. चांगली झाली होती असं मला वाटत होतं. तुम्ही उठल्या उठल्या ती हातात घेतलीत, अंगठ्यानं दाबून बघितलीत आणि माझ्यासमोर सगळी उसवलीत. "हात ओढतोय तुझा," तुम्ही म्हणालात. "दोरा धरून ठेवू नगं. सोड त्येला." मला त्या दिवशी रडू आलं होतं. पुढं कितीतरी वर्षं, मी बांधलेली कुठलीही छाती दाबून बघितलीत की तुमचं ठरलेलं वाक्य तेच. हात ओढतोय. शेवटपर्यंत तेच.

"उसव ती उजवी," भाऊ मला म्हणाले. "दोनी बाजू तूच बांध. आक्का असती तर तिनंच उसवाय सांगितलं असतं."

असतंच. म्हणूनच मला राग आला. तुमचं ऐकायचं तर तुमचेच टाके ओढून काढायचे, आणि टाके ठेवायचे तर तुमचा शब्द मोडायचा. मी तुमच्या जागेवर खिडकीपाशी बसले, उजवी बाजू मांडीवर घेतली, कात्री उघडली. तुमचे टाके बघत बसले. काही टाक्यांत दोरा जरासा जाड दिसला, डोळ्यांना कमी दिसायला लागल्यावर तुम्ही घ्यायचा तो. दोऱ्याला लावलेल्या मेणाचा वास येत होता. मी कात्री मिटली. भावाला सांगितलं, नाही उसवत. ते चपला घालून दुकानात गेले. तुम्ही नसताना आता ते कुणाला टाळून जातात कोण जाणे.

मग डाव्या बाजूचा प्रश्न. गच्चीवरचे दोन्ही तुकडे मी खाली आणले होते. दोन्ही गालाला लावून बघितले. खडखडीत वाळले होते. केसाचा मीच हट्टानं मागून आणवलेला. तो तुम्ही भिजवलात म्हणजे मला हवं तसं करून द्यायला निघाला होता का? की नुसता जवळ धरून बघायचा होता, आणि मग मला म्हणायचं होतं, बघ, जमत न्हाय? की डावीला काय लावायचं ते तुमचं तुम्हालाच ठरत नव्हतं, आणि म्हणूनच ती बाजू तशी पडून होती? मी सगळ्या बाजूंनी विचार केला. एरवी भांडणात तुम्ही नमतं घेतलं असतं तर मी गल्लीभर मिरवलं असतं. आता तुम्ही माझं ऐकलं होतं असं मनात आलं तरी सोसत नाही. तुम्ही शेवटी माझ्यावर खवळूनच गेला असता तर मला सोपं गेलं असतं.

मी नरम लावला, वन्सं. तुमचा. केसाचा घडी करून पेटीत तळाशी ठेवला. बरोबर केलं की चूक, मला माहीत नाही. तुम्ही माझ्या बाजूनं आला असाल तर मी तुमच्या बाजूला निघून गेले, आणि आपली पुन्हा चुकामूक झाली. तसं असेल तर तुम्ही मला बोल लावा.

बांधायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागले. घाई करावी असं वाटत नव्हतं. ती बाजू संपली की तुमच्याबरोबरचं शेवटचं काम संपणार होतं. टाका घालताना मी कधी तुमच्या भावाची, कधी अजितची, कधी त्या पोट आत घेणाऱ्या बँकवाल्याची आठवण काढून तुम्हाला काहीबाही सांगत होते. सून बघून गेली एकदा दारातून. होणारी सून. तिला वाटलं असेल, सासू जरा बरी नाही दिसत. आणि हो, खांदा उचलायला मी काही घातलं नाही. तुम्ही म्हणाला होता तसा, आहे तसाच ठेवला.

काल अजितनं कोट घालून बघितला. कपाटाच्या आरशासमोर उभा राहिला. डावा खांदा खाली दिसत होता. दिसणारच होता.  मी म्हटलं, हात वर कर, हार घालतोस तसे. त्यानं दोन्ही हात वर केले, समोर कुणी उभं असावं तसे. कोट त्याच्याबरोबर वर गेला आणि हात खाली आल्यावर त्याच्याबरोबर खाली आला. कानापर्यंत काही गेलं नाही. तो फिरून माझ्याकडं बघून हसला, आणि त्या हसण्यात खांदा कुठं गेला मला कळलंच नाही. तुम्ही हे बघितलं होतं आधीच, वन्सं. मी आई असून मला दिसलं नव्हतं.

मग त्यानं दोन्ही तळवे छातीवर ठेवले. एकदा उजवीकडं दाबलं, एकदा डावीकडं. पुन्हा डावीकडं. दोन बाजूंना दोन हात आहेत हे त्याला भावानं सांगितलं होतं, कुठली कुणाची ते सांगितलं नव्हतं.

"ही डावी आत्याची, व्हय ना?" तो म्हणाला.

"कशावरनं?"

"हिकडं कोट हाय असं वाटतच न्हाय, आई. नुसता तिचा हात फिरल्यागत वाटतंय, त्याल लावताना फिरायचा तसा."

मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? तो डाव्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ आरशासमोर उभा राहिला. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि तुम्ही जिथं बसायचा त्या माजघरातल्या खिडकीकडं बघत उभी राहिले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "त्येला काय कळतंय? दे हिकडं," आणि अंगठ्यानं दाबून बघितलं असतं. काय म्हणाला असता पुढं, ते मला ऐकायचं होतं.

पहिल्या रांगेत तुमच्यासाठी एक खुर्ची ठेवायला मी सांगितलं आहे. भाऊ म्हणाले, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, म्हणू देत. तिथं कुणी बसलं तर मी उठवणार आहे.

वन्सं, माझा हात आता ओढत नाही. दाबून बघायला तुम्ही पाहिजे होता.